चवीपुरतं म्हणजे नेमकं किती? मुंबईतल्या पोळी-भाजी केंद्रांना खुले पत्र

मुंबईतल्या पोळी-भाजी केंद्रांच्या मालकिणींनो, घरून डबे करणाऱ्या ताई-काकूंनो आणि पहाटे पाचपासून कणीक मळणाऱ्या मावशींनो,

सप्रेम नमस्कार.

मी परळला राहते. महापालिकेच्या दवाखान्यात ३१ वर्षं परिचारिका होते, आता निवृत्त आहे. मला तुमच्याशी मिठाबद्दल बोलायचं आहे. गेल्या वर्षी साडेतीन महिने आमच्या घरची चूल जवळजवळ बंद होती आणि आम्ही दोघं नवरा-बायको तुमच्यापैकीच एकीच्या हातचं जेवत होतो. हे पत्र तिथून सुरू होतं.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ओट्यापाशी उभं राहता येत नव्हतं. दुपारी दोन आणि रात्री दोन असे डबे यायचे. चार पोळ्या, एक सुकी भाजी, आमटी नाहीतर उसळ, भात आणि कोपऱ्यात लोणच्याची छोटी पुडी. जेवण चांगलं होतं, हे आधी सांगते. मेथीत दाण्याचं कूट बेताचं, पोळ्या रात्रीपर्यंत मऊ, आमटीला आमसुलाचा वास. ह्यांनी तर एक-दोनदा मला ऐकवलंसुद्धा की अशी आमटी घरी होत नाही.

ह्यांना बारा वर्षांपासून बीपी आहे. सकाळी एक गोळी, कधी चुकत नाही. घरी मशीन आहे आणि दर रविवारी मोजून वहीत लिहायची माझी जुनी सवय आहे. वरचा आकडा कितीतरी वर्षं १३२, १३४, १३६ असाच होता. डबा सुरू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात तो १४६ झाला, मग १५२. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यांवर रबराचा खोल वळ दिसायचा. डॉक्टरांनी गोळी वाढवायच्या आधी एवढंच विचारलं, "सध्या जेवण कुठलं?" हाच प्रश्न मी दवाखान्यात हजारो लोकांना विचारला होता. स्वतःच्या घरात तो विचारायला मला दोन महिने लागले, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

केंद्र आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून आहे. काठी टेकत गेले. काकूंचं नाव इथे लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलं. मी विचारलं, "एका वेळच्या स्वयंपाकाला मीठ किती लागतं हो?" त्यांनी मूठ उघडून दाखवली. "एवढं भाजीला, एवढं आमटीला. हाताला ठाऊक आहे." मग जरा दुखावल्या. "वीस वर्षांत कुणी खारट म्हटलं नाही." हे खरंच होतं. अन्न खारट नव्हतंच. ज्या जिभेला रोज तेवढंच मीठ मिळतं तिला ते बरोबरच लागतं, आणि त्या जिभेवर विसंबून आपण दुसऱ्या दिवशीचं मीठ घालतो.

दुसऱ्या दिवशी मी घरातला छोटा काटा घेऊन गेले. काकूंनी नेहमीसारखीच मूठ घ्यायची, फक्त पातेल्यात टाकायच्या आधी वाटीत, असं ठरलं. कणकेत, भातात, भाजीत, आमटीत जेवढं गेलं तेवढं मोजलं. दुपारचे ६० डबे आणि मीठ २७० ग्रॅम. डब्याला साडेचार ग्रॅम. लोणच्याची पुडी ह्याच्या बाहेर.

आता हे साडेचार ग्रॅम कुठे बसतात ते सांगते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. चहाच्या चमच्याने घेतलं तर सपाट एक चमचा, सकाळपासून रात्रीपर्यंत सगळं धरून. म्हणजे दुपारच्या एका डब्यात दिवसाचा हिशोब जवळजवळ संपतो. सकाळचे पोहे, स्टेशनबाहेरचा वडापाव, चार वाजताची खारी आणि रात्रीचा डबा अजून व्हायचाच असतो. मुंबई महापालिकेने २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने सर्वेक्षण केलं होतं. त्यात शहरातला मोठा माणूस दिवसाला सरासरी साडेआठ ग्रॅमच्या आसपास मीठ खातो असं दिसलं, आणि १८ ते ६९ वयातल्या शंभरातल्या ३४ जणांना उच्च रक्तदाब होता. तुमच्या ६० डब्यांना हा हिशोब लावला तर वीसेक डबे बीपीवाल्यांचे निघतील. त्यांतल्या बऱ्याच जणांना आपल्याला बीपी आहे हे माहीतही नसतं. दवाखान्यात दाढेच्या दुखण्यासाठी आलेला माणूस, सहज म्हणून पट्टा बांधला आणि आकडा १७० निघाला, असं मी किती वेळा पाहिलंय.

मीठ आत जाऊन करतं काय, हे तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल. तुमच्याच ओट्यावरचं उदाहरण घेते. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ आधी लावलं तर वाडग्यात पाणी साचतं, म्हणून आपण ते वाढायच्या वेळी घालतो. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, म्हणून आत तांदळाचे दाणे टाकतो. मीठ जिथे असेल तिथे पाणी ओढून घेतं. शरीरातही तेच होतं. मिठातला ४० टक्के भाग सोडियमचा. रक्तात सोडियम वाढलं की तहान लागते, आपण पाणी पितो आणि किडनी ते सोडियम बाहेर टाकेपर्यंत पाणी अंगात राहतं. नळ्या तेवढ्याच, आतलं पाणी जास्त. सकाळी पाणी सुटलं की जुन्या चाळीतला पाइप कसा थरथरतो, तो डोळ्यांसमोर आणा.

एखाद्या दिवशी लग्नाचं जेवण झालं तर किडनी दोन दिवसांत सगळं निस्तरते. रोजच तसं झालं तर मात्र तेवढं सोडियम बाहेर ढकलायला किडनीला जास्त दाब लागतो, आणि हळूहळू तो वाढीव दाबच शरीराचा नेहमीचा दाब होऊन बसतो. रक्तवाहिन्यांना आतून एक नाजूक अस्तर असतं. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि त्याने वाहिनी गरजेप्रमाणे सैल पडते. जास्त सोडियमने हे सैल पडणं कमी होतं, ज्यांचं बीपी वाढलेलं नाही अशा काही लोकांतही तसं दिसलं आहे. वर्षानुवर्षं असं चाललं की धमन्या कडक होतात. कडक नळीत रक्त ढकलून ढकलून हृदयाचा डावा कप्पा जाड होतो आणि पुढे थकतो. मेंदूतल्या बारीक वाहिन्या कुठे तुंबतात, कुठे फुटतात. सकाळी चहाचा कप हातातून पडला आणि तोंड वाकडं झालं, असा निरोप घेऊन धावत आलेली मुलं-सुना मला आठवतात. त्यांतल्या कितीजणी "पण त्यांना काहीच त्रास नव्हता हो" असं म्हणायच्या. बीपी दुखत नाही. हीच त्याची सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

काकूंनी मला रोखठोक विचारलं, "एकट्या तुमच्या ह्यांच्यावरून मी ६० माणसांची चव बदलू?" प्रश्न बरोबर होता. एका माणसाच्या वहीवरून काही ठरत नाही. म्हणून मी त्यांना जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते.

१९८८ साली ३२ देशांतल्या ५२ ठिकाणच्या दहा हजारांवर लोकांची लघवी आणि बीपी तपासलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी नावाचे लोक होते. ते मीठ जवळजवळ खातच नाहीत. त्यांचं सरासरी बीपी ९५ वर ६१ च्या आसपास निघालं आणि वय वाढलं तरी ते वाढत नव्हतं. वय झालं की बीपी यायचंच, असं आपण जे म्हणतो ते माणसाच्या शरीराला लिहून दिलेलं नाही. अर्थात त्यांचं सगळं जगणंच वेगळं आहे, एवढ्यावरून मिठाला दोषी ठरवता येणार नाही.

ते ठरलं २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासाने. मला तो फार आवडतो, कारण त्यातली माणसं एका अर्थाने डब्यावरचीच होती. ४१२ जणांना महिनोन् महिने तयार जेवण दिलं गेलं. जेवणाप्रमाणे दोन गट होते. प्रत्येक गटात जेवण तेच, फक्त मीठ बदलायचं. एक महिना जास्त, एक महिना मध्यम, एक महिना कमी, साधारण ८ ग्रॅमपासून ४ ग्रॅमपर्यंत. नेहमीचं अमेरिकी जेवण जेवणाऱ्यांत जास्त मिठावरून कमी मिठावर आल्यावर वरचा आकडा सरासरी ६.७ ने उतरला. फळं, भाज्या आणि कमी चरबीचं दूधदुभतं भरपूर असलेल्या जेवणावर आधीच बीपी कमी होतं, तिथे मीठ कमी केल्याने आणखी ३ ने उतरलं. महिनाभरात. औषध नाही, फक्त स्वयंपाकघरातला बदल.

सहा-सात आकडे म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. वरचा आकडा १० ने कमी झाला तर पक्षाघाताचा धोका साधारण पाव हिश्शाने घटतो आणि हृदय निकामी होण्याचाही तेवढाच, असं बीपीच्या औषधांच्या अनेक चाचण्या एकत्र मांडून दिसलं आहे. एका माणसाला ह्यात फारसं काही जाणवणार नाही. ६० डब्यांत, सहाशे डब्यांत मात्र कुणाचा तरी हात शाबूत राहतो, कुणाची तरी वाचा शाबूत राहते. तो माणूस कोण, हे आपल्याला कधीच कळत नाही. तुमच्या कामाचं हे श्रेय तुम्हाला कुणी आणून देणार नाही, हे मला मान्य आहे.

"पण माप हाताला आहे ना," काकू पुन्हा म्हणाल्या. तेव्हा मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्या लालबागला खानावळ चालवायच्या, दहा बाय बाराच्या खोलीत चौदा गिरणी कामगारांचं दोन वेळचं जेवण. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच खानावळवाल्या बायकांसाठी. सासूबाईंच्या आमटीतलं मीठ मला नवी सून असताना जास्त वाटायचं. त्या म्हणायच्या, "सूतखात्यात आठ तास घाम गाळून येतात ती माणसं, त्यांना आळणी चालत नाही." गिरण्यांच्या संपानंतर खानावळी आटल्या, बायकांच्या हातातलं माप मात्र सुनांच्या, पुतण्यांच्या, मदतनीस बायकांच्या हातात गेलं असावं. हा माझा आपला अंदाज आहे. पण आज तुमचा डबा लोअर परळला जातो तो त्याच गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतींमध्ये, वातानुकूलित खोलीत दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या मुला-मुलींकडे. त्यांना लिफ्टपर्यंत चालताना जेवढा घाम येईल तेवढाच. जेवणारा बदलला, मूठ बदलायची राहिली.

मुंबईत घाम येतो, मीठ लागतंच, असं ह्यावर कुणी म्हणेल. दमट हवेने आलेल्या घामाने साध्या कामकाजाच्या माणसाला ५ ग्रॅमच्या वर मीठ लागत नाही. गोदीत, बांधकामावर उन्हात राबणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं असतं. पाण्याच्या गोळ्या, म्हणजे लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणाऱ्या गोळ्या, घेणारे आणि उलट्या-जुलाबाने बेजार झालेले म्हातारे, त्यांचं तर अगदीच वेगळं, त्यांनी डॉक्टरांना विचारावं. मीठ बंद करा असं मी कुणालाच म्हणत नाहीये. आयोडीनचं मीठच वापरा, फक्त कमी. आणि सैंधव घेतलं म्हणून सुटका होत नाही. सैंधव, पादेलोण, समुद्री मीठ, रंग कुठलाही असो, आत बहुतांशी सोडियम क्लोराइडच असतं.

आता गिऱ्हाईक तुटण्याची भीती. ती मी हलकी मानत नाही. भाडं, गॅस, मावशींचे पगार सगळं त्या डब्यावर चालतं. पण अचानक निम्मं मीठ कुणी करायला सांगत नाहीये. ऑस्ट्रेलियात एक साधा प्रयोग झाला होता. पावात दर आठवड्याला फक्त ५ टक्के मीठ कमी करत गेले, सहा आठवड्यांत पाव हिस्सा. खाणाऱ्यांना फरक कळला नाही. ब्रिटनमध्ये २००३ च्या सुमारास सरकार मागे लागलं आणि पाववाल्यांनी, डबाबंद पदार्थवाल्यांनी असंच गुपचूप थोडं थोडं मीठ काढलं. देशाची सरासरी ९.५ ग्रॅमवरून २०११ पर्यंत ८.१ वर आली. लोकांनी पाव खायचं सोडलं नाही. जिभेला काही आठवडे दिले की ती नव्या मापाला बसते, आणि मग जुनंच माप खारट लागतं.

काकूंनी तसंच केलं. २७० वरून दर आठवड्याला बारा-चौदा ग्रॅम खाली, सहाव्या आठवड्यात २००. तेवढ्या दिवसांत एकच तक्रार आली, तीही तिखटाची. त्या आठवड्यात मिरची पूड नव्या दुकानातून आणली होती. पुढे त्यांनी स्वतःच आणखी खाली आणलं. आज साधारण १६५ ग्रॅमवर आहेत, म्हणजे डब्याला पावणेतीन. अजून थोडं उतरायचं आहे, पण साडेचारवरून पावणेतीन ही छोटी गोष्ट नाही. ह्यांची गोळी तीच आहे, वाढवावी लागली नाही. मागच्या रविवारी वरचा आकडा १३६ होता. लोणच्याची पुडीही आम्ही बंद केली होती, त्यामुळे कशाने किती उतरलं हे मी सांगू शकत नाही.

काकूंकडून मी ज्या गोष्टी शिकले त्या तुम्हाला सांगायलाच हव्यात, कारण त्या कुठल्याही माहितीपत्रकात नसतात. पालेभाजी आळल्यावरच मीठ घाला, हे आपल्या आयांनी शिकवलंय. कढई भरून दिसणारी मेथी बसून मूठभर होते आणि आधी घातलेलं मीठ मग तिच्यात मावत नाही. कामाच्या घाईत केंद्रात हा नियम मोडतो. सुक्या भाजीतलं थोडं मीठ राखून उतरवताना वरून भुरभुरलं तर तेवढ्याच चवीला कमी मीठ लागतं, कारण ते आत न मुरता जिभेला आधी भेटतं. कणकेतलं मीठ त्यांनी पहिल्या आठवड्यात थेट निम्मं केलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. पोळी कुणी नुसती खात नाही. आमटीला एक आमसूल जास्त, उसळीला वरून लिंबू, बटाट्याच्या भाजीत आलं-मिरचीचा ठेचा थोडा जास्त. आंबट आणि तिखट पुढे आलं की जीभ मीठ मागत नाही.

तयार मसाल्याच्या पाकिटांची मागची बाजू मात्र नक्की वाचा. पावभाजी, छोले, असल्या मसाल्यांत बऱ्याचदा मीठ आधीच असतं. तुम्ही वरून आपल्या मापाचं घालता आणि दुप्पट होतं. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. शुक्रवारी 'चायनीज' भाजी देत असाल तर सोया सॉसच्या बाटलीला हाच हिशोब लावा, धक्का बसेल. कडधान्यात टाकायचा सोडा आणि पापडातला पापडखार हेही सोडियमच.

आणि ती लोणच्याची पुडी. ती द्यायची थांबवा असं मी म्हणत नाही, लोणच्याशिवाय डबा म्हणजे काय ते मलाही कळतं. पण न मागता देऊ नका. विकतच्या लोणच्यात दर शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमच्या आसपास किंवा जास्तच मीठ असतं. छोट्या पुडीतून ग्रॅम-दीड ग्रॅम सहज जातं, तुम्ही सहा आठवडे कष्टाने काढलेलं सगळं परत आत. "लोणचं हवं का?" एवढं विचारलंत तर निम्मे लोक राहू दे म्हणतील. काकूंच्या इथे तसंच झालं.

एका गोष्टीपासून सावध करते. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. मीठ म्हणून ते चांगलं आहे. चीनमध्ये ६०० गावांतल्या जवळपास २१ हजार लोकांवर, ज्यांना आधी पक्षाघात झालेला किंवा वय साठच्या वर आणि बीपी जास्त, असं मीठ पाच वर्षांच्या आसपास वापरून पाहिलं. पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड. पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले आणि मृत्यू १२ टक्क्यांनी. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा मी निवृत्त व्हायच्या बेतात होते आणि वाचून मला रडू आलं होतं, इतका स्वस्त उपाय. पण ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांच्या रक्तात पोटॅशियम साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बीपीच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. तुमच्या ६० गिऱ्हाइकांत असं कोण आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली ती घरच्या स्वयंपाकासाठी, आणि त्यातूनही गरोदर बायका, मुलं आणि किडनीचे रुग्ण वगळले. तेव्हा केंद्रात गुपचूप ते मीठ वापरू नका. नेहमीचंच मीठ, कमी मापाने.

चीनमधलाच आणखी एक अभ्यास आहे आणि त्यामुळेच हे पत्र मी तुम्हाला लिहितेय. ४८ वृद्धाश्रमांच्या स्वयंपाकघरांत दोन उपाय करून पाहिले. काही ठिकाणी मीठ बदलून पोटॅशियमवालं दिलं, तिथे बीपी सातेक आकड्यांनी उतरलं. काही ठिकाणी स्वयंपाकघराला मिळणारं मीठ वरून हळूहळू कमी करायचं ठरवलं, तिथे बीपीत फरकच पडला नाही. मी ह्यातून माझ्यापुरता अर्थ काढला की मीठ कमी करा असं वरून कुणी ठरवल्याने पातेल्यातलं मीठ कमी होत नाही. पातेल्यापाशी जी उभी आहे तिला ते पटावं लागतं. सरकारने परिपत्रक काढलं, महापालिकेने भित्तिपत्रकं लावली, तरी शेवटी मूठ तुमची आहे.

जाता जाता आम्हा गिऱ्हाइकांबद्दलही लिहिते, कारण सगळा भार तुमच्यावर टाकणं अन्यायाचं होईल. नारळ महागला, आमसूल महागलं, कोथिंबिरीची जुडी पावसात कुठल्या कुठे जाते. मीठ मात्र सगळ्यात स्वस्त चव. आम्ही डब्याला पाच रुपये वाढवून द्यायला कुरकुर करतो आणि मग खोबऱ्याची, दाण्याची, आमसुलाची जागा मीठ आणि तिखट भरून काढतं. परळ-लालबागच्या माझ्या शेजाऱ्यांना मी हे रोज सांगते. ह्या पाच रुपयांवरून घासाघीस करणारा माणूस महिन्याला औषधांच्या दुकानात किती देतो ते मी पाहिलेलं आहे.

आणखी एक शंका बऱ्याच जणींनी विचारली, मीठ कमी केलं तर डबा टिकेल का? भाजीतलं मीठ भाजी टिकवत नाही. लोणचं, खारवलेला मासा टिकतो तो कितीतरी जास्त मिठाने. डबा टिकतो तो गरम भरल्याने, झाकण स्वच्छ असल्याने आणि वेळेत पोचल्याने, आणि ते तुम्ही आजवर करतच आला आहात.

तेव्हा माझी मागणी अशी. आज रात्री केंद्र बंद करायच्या आधी हिशोबाच्या वहीत एक नवीन पान करा. वर लिहा: डबे किती, मीठ किती. उद्या सकाळी मीठ मुठीने न घेता वाटीत घ्या, काट्यावर ठेवा, आकडा लिहा. डब्यांच्या संख्येने भागा. पहिला आठवडा काहीच बदलू नका, फक्त मोजा. दुसऱ्या आठवड्यापासून शंभरामागे पाच ग्रॅम कमी. एका वेळच्या डब्याला दोन ग्रॅमच्या आसपास यायचं आहे. त्याला चार-पाच महिने लागले तरी हरकत नाही. बाहेर पाटी लावायची की नाही हे तुम्ही ठरवा. काकूंनी लावली नाही, त्या म्हणतात पाटी वाचली की लोकांना अन्न आळणी लागायला लागतं. दुसऱ्या एका ताईंनी "कमी मिठाचा डबा मिळेल" अशी पाटी लावली आणि त्यांच्याकडे आसपासची म्हातारी माणसं शोधत यायला लागली.

परळ, लालबाग, शिवडी, नायगाव, दादर ह्या भागातल्या कुणाला पहिल्या दिवशी मदत हवी असेल तर मी येईन. काटा माझा आणेन. बीपीचं मशीनही आणेन, कारण दिवसभर शेगडीपाशी उभं राहून, उरलेलं खारट वरण संपवून, स्वतःचं बीपी कधीच न मोजणाऱ्या मावशी मी प्रत्येक केंद्रात पाहिल्यात. आधी त्यांचं मोजू, मग मिठाचं.

दुपारी दोन ते चार तुमची जरा उसंत असते. मी त्याच वेळेला येईन.

तुमची,
परळची एक निवृत्त परिचारिका,
आणि अजूनही दुपारच्या डब्याची गिऱ्हाईक